डेलमरचं एक चांगलं काडतूस

डेलमर स्टोर्ली मागच्या फेब्रुवारीत स्पोकेनला, मुलीच्या घरी वारला. आमच्या साप्ताहिकात चार ओळी आल्या. जन्म, रस्तेखात्यात एकतीस वर्षं मेकॅनिक, बायको आर्डिस आधीच गेलेली, मागे मुलगी कोलीन. काडतुसांचं नावसुद्धा नाही. कोलीननेच लिहून पाठवलं असणार, आणि तिला बापाच्या तळघराचा लहानपणापासून कंटाळा. मी तो कागद चिडून स्टोव्हमध्ये घातला. मग वाटलं, चिडून काय होणार, आपणच लिहावं. मी या खोऱ्यात सव्वीस वर्षं टपालाची गाडी चालवते. कोणाच्या घरात काय चाललंय ते मला न विचारता कळतं, असा माझा समज होता.

डेलमर उंच, खांद्यात वाकलेला, आणि शर्टाच्या खिशात कायम व्हर्नियर. लोक चष्मा बाळगतात तसा तो ते माप बाळगायचा. एकदा कॅफेत बेकन पातळ आलं म्हणून त्याने व्हर्नियर काढून ते मोजलं आणि आकडा सगळ्यांसमोर कॅफेवाल्या लुसिलला सांगितला. लुसिलने आठवडाभर त्याला कॉफी दिली नाही. त्याला त्याचं काही वाटलं नाही, आकडा बरोबर होता ना, मग झालं.

हा माणूस सगळ्या खोऱ्याची काडतुसं भरायचा. ऑगस्ट आला की लोक आपापली रायफल आणि मागच्या हंगामातल्या रिकाम्या पितळी नळ्या त्याच्याकडे नेऊन टाकत, आणि ऑक्टोबरात एल्कची, त्या थोराड हरणाची, शिकार उघडायच्या आत वीस काडतुसांचा डबा घेऊन येत. तो पैसे घेत नसे. एल्क पडलं तर मांसाचं एखादं पुडकं पोचवायचं, नाही पडलं तर त्याच्यासमोर काडतुसाला दोष द्यायचा नाही, एवढंच. आणि दोष द्यायची वेळ कधी येतही नसे. दुकानातलं काडतूस कुठल्याही बंदुकीत बसावं म्हणून जरा सैलच बनवलेलं असतं. डेलमरचं काडतूस एकाच बंदुकीसाठी असायचं. गोळी सुटते तेव्हा पितळी नळी फुगते आणि त्या बंदुकीच्या आतल्या घराचा आकार घेते. डेलमर तो आकार मोडत नसे, नुसता केसभर आवळायचा. त्यामुळे नेम असा लागायचा की दुकानातल्या काडतुसाने तो लागायचा नाही.

तळघरात भिंतीला टेकून अकरा-बारा रायफली उभ्या असत, प्रत्येकीच्या गळ्यात मालकाच्या नावाचं पुठ्ठ्याचं कार्ड, आर्डिसच्या अक्षरातलं. भरलेलं काडतूस ज्याचं असेल त्याच्याच बंदुकीत लावून बघायचं, हा तिथला कायदा. बोल्टमधली, म्हणजे काडतूस आत ढकलून बंदूक मागून मिटणाऱ्या दांड्यातली, पिन काढून ठेवायची, म्हणजे बार उडायची भीती नाही, आणि मग बोल्ट लावून बघायचा. मी नवीन होते तेव्हा एकदा म्हटलं, "सगळ्या एकाच जातीच्या तर बंदुका आहेत. तुझ्याच रायफलीत लावून बघ की, काम लवकर उरकेल."

त्याने तोंडातली कवळी काढून माझ्यापुढे धरली. "ही घाल बघू तोंडात. माणसाचीच आहे, तूही माणूसच आहेस."

तेव्हापासून मी त्याला काम शिकवायला गेले नाही.

आर्डिसबद्दल थोडं सांगायला हवं. बुटकी, गोल, कमी बोलणारी बाई. चोकचेरीच्या रानफळांची जेली करायची, चर्चमध्ये खुर्च्या मांडायची, आणि रोज दहाच्या ठोक्याला डेलमरला घराबाहेर काढायची. "जा, तुझी टवाळ मंडळी कॅफेत वाट बघतायत. साडेअकराच्या आत आलास तर जेवण नाही." डेलमर कुरकुरत निघायचा. माझी गाडी सव्वादहाला त्यांच्या दारात असायची. खाली तळघरात काडतुसं भरायच्या दाबयंत्राचा आवाज चालू असायचा, कट्ट, मग थांबून परत कट्ट. मला वाटायचं, म्हातारा कामाला लागलाय. दारात त्याची गाडी नसायची, हे मी रोज बघत होते. बघणं वेगळं आणि लक्षात येणं वेगळं.

आर्डिस काही वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये गेली. दुखणं कळल्यापासून पाच आठवडे. कोलीन आली, बापाला म्हणाली, "घर विका, माझ्याकडे चला." डेलमर म्हणाला, "आणि बंदुका कोण बघणार?" कोलीनने डोळे फिरवले आणि परत गेली. पण त्या प्रश्नाला खोऱ्यात कोणाकडेच उत्तर नव्हतं. डेलमर इथे राहिला तो त्या एका प्रश्नावर. पंचाहत्तरी उलटलेली, बायको गेलेली, टेबलावर एक ताट. पण ऑगस्टमध्ये रायफली आल्या आणि त्याच्या चेहऱ्यावर रंग आला. उन्हाळ्यात त्याने तळघर रॉकेलने धुऊन चकचकीत केलं होतं. मला कौतुकाने दाखवलं. "नळ्या आवळायच्या साच्यांच्या कड्यांवर कुठून तरी लाल रंगाच्या रेघा लागल्या होत्या," तो म्हणाला. "निघता निघेनात. ब्लेडने खरवडल्या."

मी म्हटलं, छान दिसतंय.

हंगाम उघडायचा होता रविवारी. त्याआधीच्या बुधवारी मी टपालाची फेरी संपवून कॅफेत शिरले, तर डेलमरच्या मंडळींतला ग्लेन हाऊगेन टेबलाशी उभा. ग्लेनचं बोलणं नेहमीच मोठ्याने, आणि त्या दिवशी समोर डेलमर बसलेला. ग्लेनने खिशातून तीन काडतुसं काढून साखरेच्या भांड्याशेजारी ठेवली.

"काल खाणीवर नेम लावायला गेलो," तो म्हणाला. "बोल्ट मिटेना. तळहाताने ठोकला तर आत रुतून बसला. उघडायला बुटाने लाथ मारावी लागली, डेलमर. लाथ! सात लावली, त्यातली ही तीन अडकली."

"तुझ्या बंदुकीत घाण असेल," डेलमर म्हणाला.

"घाण? तूच परवा साफ करून दिलीस ना म्हाताऱ्या!"

कोपऱ्यातून त्याच मंडळींतला रॉस्को म्हणाला, "काडतुसंही ग्लेनसारखी पोटात सुटलीत वाटतं." सगळे हसले. डेलमरही हसला, पण उशिरा. मग रॉस्कोच जरा खालच्या आवाजात म्हणाला, "माझ्याही डब्यात दोन अडकली. मी म्हटलं, बोलू नये."

हे 'बोलू नये' डेलमरला झोंबलं. त्याने काडतुसं उचलली, ग्लेनची रायफल मागितली, आणि कॉफी अर्धी टाकून उठला. जाताना माझ्या खांद्याला हात लावला. "नोरीन, येतेस? तुझी नजर चांगली आहे."

तळघरात त्याने आधी बोल्टमधली पिन काढली, बंदुकीची नळी पुसून काढली, आतलं घर दिव्याने बघितलं. घाण नव्हती. मग त्याने मेणबत्ती पेटवली. ही त्याची जुनी युक्ती. काडतूस ज्योतीवर लांब धरून नुसता धूर घ्यायचा, सगळ्या अंगावर काजळी बसू द्यायची, आणि मग ते बंदुकीत लावून बोल्ट जाईल तिथवर ढकलायचा. बाहेर काढलं की जिथे घासलं असेल तिथली काजळी पुसलेली. दुखणं नेमकं कुठे आहे ते काडतूस स्वतःच दाखवतं. तो हे करायला लागला की त्याचे हात तरुण वाटायचे. त्या दिवशी मेणबत्तीची ज्योत आणि त्याचं काडतूस यांची भेट व्हायलाच वेळ लागला. मी तिकडे बघत नसल्यासारखं केलं.

पहिलं काडतूस बाहेर आलं. "कुठे?" त्याने विचारलं.

"खांद्यावर. जिथे नळी निमुळती होते तिथे गोल चकचकीत कडं आहे."

"साचा वर राहिला," तो लगेच म्हणाला. त्याला बरं वाटल्याचं दिसलं. "पाव फेराही नाही, केसभर. नळी पुरती आवळली गेली नाही. एवढंच. साचा खाली घेतला की झालं."

दुसरं. "इथे खांद्यावर काही नाही," मी म्हटलं. "अगदी तोंडाशी घासलंय. गोळी जिथे आत शिरते त्या काठावर."

त्याने व्हर्नियर लावलं, माझ्याकडे दिलं, "वाच." मी आकडा वाचला. प्रत्येक बार उडाला की पितळ थोडं लांबतं, ते कापून मापात आणायचं असतं. हे कापलेलंच नव्हतं.

तिसऱ्याची नळी काळीभोर होती, कुठेही घासलेली नाही. पण गोळीच्याच अंगावर चार बारीक ओरखडे होते. गोळी जास्त बाहेर बसवली होती, पुढे बंदुकीच्या नळीतल्या आट्यांत टोचत होती.

डेलमरने मेणबत्ती फुंकली. तिन्ही काडतुसं बाकावर एका ओळीत लावली, परत लावली.

"एकच चूक तीनदा झाली तर ती हत्याराची," तो म्हणाला. "तीन वेगवेगळ्या चुका झाल्या तर ती माणसाची."

मी म्हटलं, "असं काही नाही."

"असंच आहे. मागच्या वर्षी एक तरी परत आलं होतं? त्याच्या आदल्या वर्षी? चाळीस वर्षांत कधी आलं?" त्याने माझ्याकडे बघितलं, आणि मला त्याच्या डोळ्यांतली भीती दिसली. "एका उन्हाळ्यात माणूस इतका बिघडतो का, नोरीन?"

उत्तर त्यानेच शोधलं, आणि ते सापडल्यावर त्याला धीर आला. "आर्डिस गेली त्याचं आहे हे," तो म्हणाला. "चित्त थाऱ्यावर नाही. अकराही डबे परत मागवतो आणि शनिवारपर्यंत नव्याने भरतो. हळूहळू हात बसेल. पुढच्या वर्षी बघ तू." मग त्याला भूक लागली. म्हणाला, "कोठीत मागच्या फळीवर जेली असेल तिच्या हातची. एक बरणी आण, ब्रेडला लावू."

कोठी तळघरातच, जिन्याखाली. मी पुढच्या बरण्या सरकवल्या. जेलीच्या ओळीमागे आणखी एक ओळ होती, तशाच बरण्या, तशाच पांढऱ्या चिठ्ठ्या, आर्डिसच्या अक्षरात नुसतं साल. मी एक उचलली तर ती जड लागली. आत काडतुसं होती. प्रत्येकाला रबराने गुंडाळलेला कागदाचा कपटा.

नऊ बरण्या, नऊ सालांच्या. पहिल्या सालाच्या बरणीत तीन. पुढच्यात सात. मग तळ दिसेनासा झाला, आणि मागच्या वर्षीची बरणी झाकणापर्यंत भरलेली. मी झाकण उघडून कपटे वाचले. 'ग्लेन. बसत नाही.' 'लांब.' 'गोळी बाहेर.' 'ग्लेन. परत तेच.' एका कापडी पिशवीत बारा वेगळी बांधलेली होती आणि तिला मोठी चिठ्ठी. 'रॉस्को. बाकावर दोन डबे उघडे होते, रायफलीच्या दारूचा आणि पिस्तुलाच्या. कुठली घातली डेलमरला आठवत नाही. मी विचारलं तर चिडला. ही द्यायची नाहीत.'

बरण्यांच्या शेजारी नेलपॉलिशची एक बाटली होती. लाल. आर्डिसने जन्मात नखं रंगवली नव्हती. साचा किती खाली यायला हवा त्याच्या खुणा तिने त्या रंगाने करून ठेवल्या होत्या, आणि डेलमरने त्या ब्लेडने खरवडल्या होत्या.

मी तिथे जिन्याखाली उभी राहिले आणि नऊ वर्षांचं सव्वादहाचं कट्ट-कट्ट मला एकदम समजलं. तो कॅफेत बसून स्वतःच्या काडतुसांची तारीफ ऐकत होता, आणि घरी ती एकेक काडतूस ज्याच्या त्याच्या बंदुकीत लावून बघत होती, बिघडलेलं बाजूला काढत होती, त्याच्या जागी स्वतः भरलेलं ठेवत होती. दारू भरलेली काडतुसं कचऱ्यात टाकता येत नाहीत आणि नवऱ्याला दाखवताही येत नाहीत. मग बाई काय करणार, बरणीत भरून ठेवली. मला तिचा राग आला, खोटं कशाला बोलू. ही मेली आणि सांगायचं काम माझ्यावर टाकून गेली.

मी जेली घेऊन बाहेर आले. ब्रेडला लावली, आम्ही खाल्ली. तो म्हणाला, "शुक्रवारी रॉस्कोचा डबा पहिला घेतो. त्याच्यासाठी दारूही नवीन आणलीय." आणि मान वर करून फळीकडे बघितलं. फळीवर दोन डबे होते, शेजारी शेजारी, एक रायफलीच्या दारूचा आणि एक पिस्तुलाच्या. पिस्तुलाची दारू झटकन जळते. ती रायफलीच्या काडतुसात भरली तर बंदूक माणसाच्या तोंडावर फुटते.

मी हातातला ब्रेड खाली ठेवला. गप्प बसले असते तर त्याचा आब राहिला असता, आणि रॉस्कोचं डोकं गेलं असतं. मी उठले, कोठीत गेले, आणि दोन खेपा करून नऊही बरण्या बाकावर आणून ठेवल्या.

"हे काय?"

"वाच," मी म्हटलं. "नाहीतर मी वाचते."

त्याने स्वतःच वाचलं. चष्मा कपाळावर चढवून, कपटा नाकापाशी नेऊन. दोन-तीन वाचल्यावर त्याने बरणीवरचं साल बघितलं, मग पुढच्या बरणीवरचं, मग सगळ्या. बोटाने मोजल्या. त्याच्या तोंडून एवढंच आलं, "म्हणून मला दहाला हाकलायची."

मला वाटलं तो रडेल. तो रडला नाही. त्याने पिशवीतल्या बारा काडतुसांतलं एक घेतलं, गोळी उपसायच्या हातोडीत धरून दोनदा ठोकलं, आणि आतली दारू पांढऱ्या कागदावर ओतली. रायफलीच्या दारूचे बारीक तुकडे असतात, कापलेल्या शेवयांसारखे. कागदावर पडल्या होत्या चपट्या टिकल्या, पिस्तुलाच्या दारूच्या. तो त्या बघत राहिला.

"घरी जा नोरीन," तो म्हणाला. "फोन करायचे आहेत मला."

त्याने अकराही घरी फोन केले. काय बोलला ते मला रॉस्कोने सांगितलं. "म्हणाला, माझी काडतुसं वापरू नका, दुकानातली घ्या, मी आता हे काम करत नाही. मी म्हटलं, अरे पण का? तर म्हणाला, कारण मी ते नीट करत नाही. आणि फोन ठेवला." डबे मी गुरुवारच्या फेरीत गोळा केले. टपालाच्या गाडीत काडतुसं ठेवायला बंदी आहे. मी माझ्या सीटखाली ठेवली. नोकरी जायची असती तर तेव्हाच गेली असती. कॅफेत कोणी थट्टा केली नाही. ग्लेनसुद्धा गप्प होता, आणि ग्लेन गप्प बसला की खोऱ्यात कोणीतरी मेलेलं असतं.

गुरुवारी तीन वाजता मी डबे घेऊन गेले तेव्हा डेलमर तळघरात होता. ग्लेनच्या रायफलीत पिन परत घालून त्याने ती न्यायला तयार अशी दाराशी उभी केली होती. स्वतःची रायफल भिंतीवरून उतरवून बाकावर घेतली होती, तिची पिन शेजारच्या बशीत. मेणबत्ती बोटभर उरलेली. तो सकाळपासून बरण्या तपासत होता. पहिल्या सालापासून, एकेक. धूर द्यायचा, लावायचं, काढायचं, बघायचं, आणि मग आर्डिसचा कपटा वाचायचा.

"बस," तो म्हणाला. "नजर दे जरा."

मी बसले. तो काडतूस काढून माझ्यापुढे धरायचा, मी सांगायचे. "तोंडाशी." तो कपटा वाचायचा, "लांब. आर्डिस बरोबर." पुढचं. "गोळीवर ओरखडे." "गोळी बाहेर. आर्डिस बरोबर." तो हे कडूपणाने म्हणत नव्हता. कसल्याही आवाजात म्हणत नव्हता, आकडा सांगावा तसं सांगत होता. बोटं काळी झाली होती, कपाळावर काजळी लागली होती. मी म्हटलं, "डेलमर, पुरे. कशाला बघतोस सगळी?"

"नऊ वर्षांत एक तरी चांगलं असेल ना," तो म्हणाला.

शेवटची बरणी अर्धी झाली. आर्डिस बरोबर. आर्डिस बरोबर. तळाशी राहिलेल्या काडतुसांपैकी त्याने एक घेतलं, कपटा काढून बाजूला ठेवला, धूर दिला, रायफलीत लावलं आणि बोल्ट पुढे ढकलला. बोल्ट सरळ गेला. त्याने दांडी खाली दाबली आणि ती मिटली, आवाज न करता, नुसतं बोट टेकताच. त्याने उघडली, परत मिटली. काडतूस बाहेर काढून माझ्याकडे दिलं. मी ते दिव्याखाली फिरवून बघितलं. सगळीकडे काजळी जशीच्या तशी होती.

"कुठे घासलंय?"

"कुठेच नाही."

त्याने कपटा उचलला. "बसत नाही, लिहिलंय," तो म्हणाला. आणि त्याचा चेहरा असा उघडला की मला तिकडे बघवेना. "पण बसतं! बघितलंस ना तू? हे चांगलं होतं, नोरीन. हे मी भरलेलं, आणि चांगलं होतं. आर्डिस चुकली."

कपटा त्याच्या हातात होता आणि मला तो समोरून दिसत होता. त्यावर आधी नाव होतं. 'ग्लेन. बसत नाही.'

ते काडतूस ग्लेनच्या बंदुकीचं होतं. आर्डिसने ते ग्लेनच्या बंदुकीत लावून बघितलं होतं, डेलमरच्याच कायद्याप्रमाणे. ग्लेनची रायफल दाराशी उभी होती, चार पावलांवर. आणि ज्या माणसाने मला कवळी काढून दाखवली होती, तो ते स्वतःच्या जुन्या, झिजून सैल झालेल्या रायफलीत लावून बघत होता आणि खूश होत होता. बाकीची सगळी काडतुसं त्या सैल घरातही बसली नव्हती, इतकी बिघडलेली होती. हे थोडं बिघडलेलं होतं, एवढंच.

त्याला आठवलं नाही. मी वाट बघितली, आठवेल म्हणून. तो माझ्या तोंडाकडे बघत होता.

"हो," मी म्हटलं. "चुकली बाई."

त्याने काडतूस पुसलं नाही. काजळीसकट शर्टाच्या खिशात टाकलं, व्हर्नियरच्या शेजारी. मग उठून मेणबत्ती फुंकली.

पुढच्या मार्चमध्ये कोलीन ट्रक घेऊन बापाला न्यायला आली. दाबयंत्र, साचे, तराजू, सगळं रॉस्कोच्या भावाने दुसऱ्या गावी नेलं. बरण्यांतली काडतुसं मी आणि ग्लेनने बसून फोडली आणि दारू माळावर जाळून टाकली. निघताना डेलमर माझ्या गाडीपाशी आला. टपालाने काडतूस पाठवता येत नाही हे त्याला ठाऊक होतं, म्हणून खिशातलं ते काडतूस हातात दिलं.

"कोलीन घरात ठेवू देणार नाही," तो म्हणाला. "तुझ्याकडे राहू दे. कोणी विचारलं, की डेलमरला कधी काही धड जमत होतं का, तर दाखव."

कोणी विचारलेलं नाही. ते माझ्या स्वयंपाकघरात खिडकीच्या फळीवर आहे, काजळी अजून तशीच. ग्लेन दर ऑक्टोबरात रायफल खांद्याला लावून माझ्याकडे कॉफीला येतो आणि ती दाराशी टेकवून ठेवतो, खिडकीपासून चार पावलांवर. ते काडतूस तिच्यात बसणार नाही हे मला माहीत आहे. मी लावून बघितलेलं नाही, आणि ग्लेनलाही हात लावू देत नाही.